ओढ, ताण, पकड

'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातल्या 'शक्ती'कडे कुणी वेगळं लक्ष देत नाही. हंड्यातल्या पाण्याबद्दल बोलावं तसं आपण तिच्याबद्दल बोलतो: कुणाची भरपूर, कुणाची कमी, कुणाची वयोमानाने आटलेली. मी राहते त्या सिहोऱ्यात हीच गोष्ट 'रोग प्रतिरोधक क्षमता' म्हणून सांगतात, आणि गेल्या काही वर्षांत दोन्ही भाषांनी 'इम्युनिटी' हा शब्द आपला मानला आहे. सिहोरा म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं नव्हे, जबलपूरहून कटनीकडे जाताना लागतं ते. इथली मोजकी मराठी घरं उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. त्यामुळे कुठलाही शब्द दोनदा उलटून पाहायची सवय लहानपणीच लागते, आणि माझ्या बाबतीत पुढे तोच व्यवसाय झाला.

मध्यंतरी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचा एक इंग्रजी लेख मी मराठीत आणत होते. त्यात एक साधं क्रियापद पुन्हा पुन्हा येत होतं: पेशी ओढते. रोगजंतूचा तुकडा समोर आला की पेशी त्याला चिकटते आणि मग ओढून पाहते. म्हणजे या 'शक्ती'त खरोखरचं बल आहे, शाळेच्या पुस्तकातलं, न्यूटनमध्ये मोजायचं. आपल्याकडे बल आणि शक्ती या दोन वेगळ्या राशी म्हणून शिकवतात आणि बोलताना दोन्हींची सरमिसळ होते. इथे ती सरमिसळ सोडवणं भाग होतं. ते करताना जो प्रश्न पुढे आला तो जीवशास्त्राचा नव्हता. शरीराचं संरक्षण जर पकडीवर आणि ओढीवर उभं असेल, तर 'त्याची शक्ती कमी पडली' असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो? त्यात वर्णन किती आणि निवाडा किती?

आधी पेशी काय करते ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शास्त्राने दोन प्रतिमा उभ्या केल्या. 1882मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी गोळा होताना पाहिल्या. त्याची प्रतिमा तोंडाची होती: पेशी परक्याला गिळते. दुसरी प्रतिमा कुलूप-किल्लीची. ती 1894मध्ये एमिल फिशरने विकरांसाठी वापरली आणि पाउल एर्लिखने प्रतिकाराच्या विचारात आणली: परक्या रेणूचा आकार पेशीवरच्या रेणूत बसला की ओळख पटली. मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना 1908चं नोबेल एकत्र मिळालं. पुढच्या शतकात पाठ्यपुस्तकांवर राज्य केलं ते मुख्यतः किल्लीने. ती समजायला सोपी आहे, चित्रात काढता येते आणि स्थिर आहे. पण घरात कुलूप वापरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की किल्ली नुसती घालून भागत नाही, ती फिरवावी लागते. हाताचा जोर चित्रात नव्हता.

तो जोर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोजता येऊ लागला. जखम झाली की पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपाशी जायचं असतं. पण रक्त वेगाने वाहत असतं, आणि वाहत्या नदीत काठ धरून थांबणं सोपं नसतं. पेशी आधी वाहिनीच्या भिंतीवर गडगडत जाते. सिलेक्टिन नावाचे रेणू तिला क्षणभर धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. 2003मध्ये याच रेणूंबद्दल एक अनपेक्षित गोष्ट सिद्ध झाली. साधारण कुठलाही बंध ओढला की लवकर सुटतो. हा बंध एका मर्यादेपर्यंत ओढला तर जास्त वेळ टिकतो. गुराच्या दाव्याची गाठ ओढली की आवळते, तसं काहीसं. रक्ताचा प्रवाह पेशीला ओढतो आणि त्या ओढीमुळेच पकड बसते. त्यानंतर इंटेग्रिन नावाचे रेणू तिला घट्ट धरतात, आणि ती दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते.

टी-पेशी रक्तवाहिनीच्या बाहेर हेच तंत्र ओळखीसाठी वापरते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला प्रथिनाचा तुकडा ती आपल्या ग्राहक रेणूने पकडते, आणि तिच्या आतलं ॲक्टिन नावाच्या धाग्यांचं जाळं सतत विणलं-उसवलं जाऊन त्या जोडाला ताण देतं. हा ताण दहा पिकोन्यूटनच्या आसपास असतो. शंभर ग्रॅमचा पेरू तळहातावर ठेवला तर जेवढा भार जाणवतो, त्याचा दहा हजार कोटींवा हिस्सा. 2014च्या प्रयोगांत असं दिसलं की योग्य तुकडा असेल तर या ताणाखाली जोड जास्त टिकतो आणि चुकीचा असेल तर सुटतो. यावर सगळ्या संशोधकांचं एकमत नाही, काहींच्या मोजमापांत असा बंध दिसत नाही. पण पेशी बल लावते आणि बल तिला जाणवतं, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. बी-पेशींचं 2013मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी दाखवलेलं वागणं तर अधिक रोखठोक आहे. ती प्रतिजनाला हिसका देऊन आत ओढते. कच्चे जोड तुटतात आणि पक्के तेवढे आत येतात. 2016मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गटाने मारक टी-पेशींबद्दल दाखवलं की त्या समोरच्या पेशीचं आवरण ताणून धरतात, आणि ताणलेल्या आवरणाला त्यांच्या रसायनाने भोक पाडणं सोपं जातं.

मराठीत 'ओळखणं' आणि 'पारखणं' यांत फरक आहे. ओळखायला नजर पुरते, पारखायला हात लागतो. नाणं वाजवून बघतात, मडकं टिचकी मारून, कापड दोन हातांत ताणून. पेशी पारखते. अनुवाद करणाऱ्याला हे क्रियापद जवळचं वाटणारच. दोन शब्द समोरासमोर ठेवले की कोशात ते समानार्थी दिसतात. वाक्यात घालून ताण दिला की कुठला सुटतो ते कळतं. 'इम्युनिटी' आणि 'प्रतिकारशक्ती' ही जोडीही ताण दिल्यावर सुटते, त्याकडे मी पुढे येते.

आता ही पकडच नसेल तर काय होतं? हा प्रश्न कल्पनेतला नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची. जन्मतः प्रतिकारव्यवस्थेत दोष असलेल्या मुलांचं निदान करणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी ती एक आहे. परळमधलंच लहान मुलांचं वाडिया रुग्णालयही अशा मुलांवर उपचार करतं. या दोषांपैकी दोन इथे महत्त्वाचे आहेत.

पहिल्यात पांढऱ्या पेशींच्या इंटेग्रिनचा एक भाग नसतो किंवा अपुरा असतो. त्यामुळे पेशी भिंतीवर गडगडतात, पण थांबू शकत नाहीत. बाळाची नाळ एरवी आठ-पंधरा दिवसांत गळते, या बाळांची तीन-चार आठवडे होऊनही गळत नाही, कारण नाळ गळायलाही या पेशींचा हात लागतो. पुढे वारंवार जंतुसंसर्ग होतो, जखमा भरत नाहीत आणि त्यांत पू धरत नाही. रक्ताची तपासणी केली तर पांढऱ्या पेशी कमी सापडतील असं आपल्याला वाटेल. त्या सापडतात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. रक्त सैनिकांनी भरलेलं असतं आणि एकालाही खाली उतरता येत नाही.

दुसरा दोष 1937मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड विस्कॉटने तीन भावांत पाहिला, 1954मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट ऑल्डरिचने तो आईकडून मुलांकडे जातो हे दाखवलं, आणि 1994मध्ये त्याचं जनुक सापडलं. हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. अंगावर इसब, रक्त थांबायला वेळ, आणि पुन्हा पुन्हा संसर्ग. जे प्रथिन बिघडलेलं असतं त्याचं काम ॲक्टिनचे धागे विणायला चालना देणं, म्हणजे वर सांगितलेली ओढ ज्या जाळ्यातून येते त्या जाळ्याची देखभाल. पेशीला समोरचा तुकडा दिसतो, किल्ली कुलपात बसते, फिरवणारा हात मात्र दुबळा असतो. 1968मध्ये या आजाराच्या एका मुलाला दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं रोपण करण्यात आलं. अस्थिमज्जा रोपणाच्या इतिहासातल्या पहिल्या काही यशांत त्याची गणना होते. आजही बऱ्या होण्याचा मुख्य मार्ग तोच: दुसऱ्या कुणीतरी आपली मज्जा द्यायची.

या मुलांकडे पाहिलं की 'शक्ती' या शब्दाला चिकटलेला निवाडा उघडा पडतो. त्यांची शक्ती कमी पडली, हे वाक्य चुकीचं नाही. पण त्यात कर्तबगारीचा कुठलाही अंश नाही. जनुकातल्या एका अक्षराचा फरक आहे आणि तो कुणी मिळवलेला नाही की गमावलेला नाही. हे दुर्मिळ आजारांबद्दल आपण लगेच मान्य करतो. अडचण येते ती तुमच्याआमच्या बाबतीत.

2021च्या उन्हाळ्यात सिहोऱ्यात, जशी सगळीकडे, माणसं भराभर गेली. त्या दिवसांत समाचाराला जाऊन आलेल्यांच्या तोंडी एक वाक्य मी दोन्ही भाषांत ऐकलं: त्यांची इम्युनिटीच कमी होती. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मृत्यूला कारण हवं असतं, आणि हे कारण हाताशी होतं. त्याच्या आधी वर्षभर काढे, गोळ्या, चूर्णं, च्यवनप्राश यांच्या जाहिराती प्रतिकारशक्ती 'वाढवायला' सांगत होत्या. जी गोष्ट वाढवता येते ती न वाढवणं हा हलगर्जीपणा ठरतो. म्हणजे प्राणवायूच्या टाकीसाठी वणवण करून गेलेल्या माणसाच्या माथी, तो गेल्यावर, एक सौम्य दोषारोप. गावात खाट मिळाली नाही, गाडी वेळेवर आली नाही, लस अजून पोचली नव्हती, हे सगळं त्या एका शब्दात मिटून जात होतं.

शब्दाच्या पोटात हा दोष आधीपासून आहे का? लॅटिनमध्ये 'इम्युनिस' म्हणजे ज्याला सार्वजनिक कर्तव्यातून, करातून, सेवेतून सूट आहे तो. मूळ शब्द 'मुनुस', म्हणजे एकमेकांप्रती असलेलं देणं. वैद्यकात हा शब्द कायद्यातून आला. रोबेर्तो एस्पोसितो या इटालियन तत्त्वज्ञाने 2002च्या 'इम्युनितास' या पुस्तकात यावरच बोट ठेवलं: समुदाय आणि इम्युनिटी हे दोन्ही शब्द त्याच 'मुनुस'मधून निघतात, एकात देणं वाटून घेतलेलं असतं आणि दुसऱ्यात त्यातून सुटका असते. आपल्या जुन्या कागदपत्रांत याला अगदी जवळचा शब्द आहे: माफी. सारामाफीची जमीन, इनामाची जमीन. युरोपीय भाषांमध्ये निरोगी माणूस इनामदार आहे, त्याला रोगाचा सारा भरावा लागत नाही. मराठीतला 'प्रतिकार' मात्र रणांगणावरचा, तिथे निरोगी माणूस शूर आहे. ताण दिल्यावर ही जोडी सुटते ती इथे. पण एका बाबतीत दोघांचं जमतं. सूट असो वा शौर्य, ते माझं स्वतःचं, खाजगी, आणि ज्याच्याकडे नाही त्याचं त्याने पाहावं.

सुसान सोंटॅगने 1978मध्ये आजारावर चढवलेली रूपकं उतरवून ठेवावीत असा आग्रह धरला होता. तिचा राग मला पटतो, उपाय अर्धाच पटतो. रूपक नसलेला शब्द शोधत गेलं तर हाती फार थोडे शब्द राहतात. 'पकड' आणि 'ओढ' हेही पेशीला हात असल्यासारखंच बोलतात. मला त्यापेक्षा हे शक्य वाटतं की एक रूपक दुसऱ्यापुढे ठेवून ताणून पाहावं आणि कुठलं टिकतं ते बघावं.

मग 'ओढ' टिकते का? हा शब्द मराठीत फार देखणा आहे. दोरीला ओढ असते आणि वारकऱ्यालाही पंढरीची ओढ असते. हिंदीत त्यासाठी 'खिंचाव' आणि 'ललक' असे दोन शब्द करावे लागतात. आणि ताणाखाली घट्ट होणारा बंध सापडला म्हटल्यावर त्यातून बोध काढायचा मोह कुणालाही व्हावा: संकटात नाती पक्की होतात, सोसल्याने माणूस घडतो. मला इथे सावध राहावंसं वाटतं. हा उपदेश आपल्याकडे कुणाला केला जातो ते आपण पाहिलेलं आहे. सासरी सोसणाऱ्या मुलीला, बिनपगारी थांबलेल्या कामगाराला, शिव्या खाणाऱ्या शिकाऊ मुलाला. ताणणारा स्वतः हा उपदेश कधी ऐकत नाही. निसर्गातही असंच आहे बघा, असं म्हणायला आता रेणूंची साक्ष मिळाली तर ती खोटी साक्ष ठरेल. त्या बंधाची ताकद एका मर्यादेपर्यंतच वाढते. त्यापुढे ओढलं की इतर कुठल्याही बंधासारखा तो तुटतो. तुटेपर्यंत ताणू नये, हे आपल्या म्हणीला आधीच ठाऊक होतं. शिवाय पेशीला समोरच्याचं भलं करायचं नसतं, पारख करायची असते. पेशीत घडतं म्हणून माणसाने करावं, असा पूल मध्ये नाही.

मात्र पेशीच्या वागण्यात बोध नसला तरी आपल्या बोलण्यातली चूक दाखवण्याची सोय आहे. बलाच्या हिशोबात एक साधा नियम असतो: ओढायला पाय टेकायला जागा लागते आणि समोरची वस्तू कुठेतरी रोवलेली असावी लागते. टी-पेशीला जो तुकडा ओळखायचा तो दुसऱ्या पेशीने पृष्ठभागावर धरून ठेवलेला असतो. तोच तुकडा सुटा, एकेकटा द्रवात तरंगत असेल तर तिला त्यातून फारसं काही कळत नाही, कारण तरंगत्या वस्तूला ताण देता येत नाही. प्रयोगात पेशीखालचा पृष्ठभाग मऊ किंवा ताठ केला तर त्याच पेशीचा प्रतिसाद बदलतो. म्हणजे जिला आपण पेशीची शक्ती म्हणतो ती एकट्या पेशीत साठवलेली नसते. ती दोघांच्या मधल्या जोडात असते, आणि ती जिथे उभी आहे त्या जागेत असते. हंड्यातल्या पाण्याचं रूपक इथे गळून पडतं.

सिहोऱ्याच्या आसपास लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि दगड फोडण्याचं काम या पट्ट्यात सगळीकडे चालतं. त्यामुळे या जागेचा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला राहत नाही. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात गेली की तिथल्या भक्षक पेशी तिला पकडतात आणि गिळतात. त्यांच्या पकडीत काही खोट नसते. पण सिलिकाचा स्फटिक पचत नाही. तो पेशीच्या आतली पिशवी फाडतो, पेशी मरते, स्फटिक मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात फुप्फुस हळूहळू चिवट होत जातं, आणि क्षयाचा धोका वाढतो. मध्यप्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जाऊन हा आजार घेऊन परतले, त्यांतले शेकडो मेले. 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा आदेश दिला. या माणसांची प्रतिकारशक्ती कमी होती का? त्यांच्या पेशी आपलं काम चोख करत होत्या, आणि त्या चोख कामानेच फुप्फुस गेलं. कमी होतं ते धूळ दाबायला पाणी, धूळ ओढून घेणारे पंखे, तोंडावर धड मुखवटा आणि कारखान्यावर कुणाची नजर. काढा पिऊन सिलिका पचत नाही.

याचा अर्थ शरीराची काळजी घेणं निरर्थक आहे असा नाही. पोटभर अन्न, झोप, लस यांनी फरक पडतो, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो: शिधा देणाऱ्याचा, कामाचे तास ठरवणाऱ्याचा, लस टोचणाऱ्या आशाताईचा. ज्या बाळाच्या पेशींना पकड नाही त्याला दुसऱ्याची मज्जा लागते. 'मुनुस' म्हणजे देणं, ते इथे शब्दशः दिलं जातं. सूट असा अर्थ असलेल्या शब्दाच्या उपचारात देणं परत यावं, यात मला व्युत्पत्तीची गंमत दिसत नाही. शब्दाने जे झाकलं होतं ते रोगाने उघडं केलं एवढंच दिसतं.

अनुवादात मी शेवटी 'रोगप्रतिकारशक्ती' तसाच ठेवला. तो लोकांचा शब्द आहे आणि माझ्या एकटीच्या हट्टाने बदलणार नाही. पण जिथे बळाचं वर्णन होतं तिथे 'शक्ती' न लिहिता 'पकड' लिहिलं, कारण पकड म्हटलं की वाचक आपोआप विचारतो, कशावर? कुणी गेल्यावर 'शक्ती कमी पडली' असं म्हणायची वेळ आली, तर निदान हा एक प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो. त्या माणसाला धरायला काय होतं, पाय टेकायला कुठे जागा होती, आणि त्यातलं किती आपल्या हातात होतं.